मी या माणसाला ओळखतो

मंडळी, सामंत सरांसाठी आपण या कॅम्पच्या मेसमध्ये जमलोय. सौदीत, या यान्बूत, सध्या पोलीस नाक्यानाक्यावर इकामे तपासतायत, राहण्याचा परवाना नसला की उचलतायत, तरी आलात. मला बोलणं जड जातंय. दुःखानं, आणि भीतीनंही. माझे कान तिखट आहेत. बाहेर गाडी थांबली की माझं वाक्य थांबतं. सांभाळून घ्या.

सर इथल्या शाळेत इतिहास शिकवायचे. मी तेव्हा वेल्डर. कफीलनं, ज्याच्या नावावर मी इथं आलो त्या मालकानं, मला फरारी म्हणून नोंदवलेलं, पासपोर्ट त्याच्याच कपाटात. कागद नीट करून घ्यायला इथल्या सरकारनं सवलत दिलेली, त्या दिवसांत आपल्या वकिलातीचे लोक शाळेत येऊन बसले. नवा पासपोर्ट हवा तर कुणीतरी इकामावाल्यानं लिहून द्यायचं, 'मी या माणसाला ओळखतो.' माझ्या गावचे तिघे मान खाली घालून निघून गेले.

मी सरांपुढे उभा राहिलो. ओळख ना पाळख.

"बस. गाव?"

"गुहागर."

"आईला काय म्हणतोस?"

"बाय."

"बाय रागावली की काय म्हणते?"

मी सांगितलं. इथं सांगत नाही, सरांच्या पत्नी, आपल्या वहिनी, बसल्यात. सर पोट धरून हसले. "झाली ओळख," म्हणाले, आणि सही केली. पूर्ण नावानं.

"सर, तुमच्यावर आलं तर?"

तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून नाझींच्या काळातलं सांगितलं. ज्यूंना जीव घेऊन पळायला व्हिसा हवा होता. काही वकिलातींतल्या अधिकाऱ्यांनी वरून मनाई असताना तो दिला. कुणाची नोकरी गेली, कुणाचं नाव गेलं.

"त्यांना भीती नाही वाटली?"

"वाटली असणार. मलाही वाटतेय. हा हात बघ."

हात कापत होता. सही मात्र स्वच्छ वाचता येत होती.

तिथं मरण दारात होतं. आपलं तसं नाही, कळतं मला. पण एका सहीवाचून माणूस अडकतो, ते मी भोगलंय.

आणि मी काय केलं? दाराशी इकबाल बसलाय, दापोलीचा. आठ दिवस माझ्या वर्कशॉपवर येतोय. त्यालाही तेच एक वाक्य हवंय. मी म्हणतो, बघू. सर गेले त्या दिवशीही म्हटलं, बघू. माझ्या कफीलच्या कानावर गेलं तर वर्कशॉप खलास, ही भीती. ती आत्ताही गेलेली नाही. हा माझा हात बघा.

इकबाल, पुढे ये. असा माझ्याशेजारी. मंडळी, सरांसाठी दोन मिनिटं उभे राहू या, न बोलता.

मग इकबाल, तू मला सांग, तुझी आई रागावली की काय म्हणते.