ताइस्तोचं ‘वाईट नाही’

...नाही हो, नकाशात काही चूक नाहीये! नकाशा बिचारा खरं बोलतो. खोटं बोलतं ते ताइस्तोचं बोट! तुम्हाला सांगतो, ह्या माणसाची अर्धी हयात खाणीत गेली, ते बोट कसलं, मुसळ आहे मुसळ! दर फेब्रुवारीत, बाहेर तळी गोठून दगड झालेली असताना, हा आमच्या स्वयंपाकघरात येतो, टेबलावर नकाशा पसरतो, कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवतो आणि उन्हाळ्यात होडी कुठून कुठे न्यायची ते ठरवायला बसतो. एक तळं संपलं, दुसरं यायचंय, मधे जंगल... तिथे होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं, त्याला आम्ही पोर्टेज म्हणतो. नकाशावर एवढीशी तुटक रेघ! मी विचारतो, "ताइस्तो, हे पोर्टेज कसं आहे रे?" की हा नेमकं तिथेच बोट टेकवतो. रेघ, बाजूचा कडा, खालची दलदल, सगळं त्या बोटाखाली गडप! आणि म्हणतो, "वाईट नाही."

वाईट नाही!

आता तुम्ही म्हणाल, ओरेस्ट, वाईट नाही म्हणजे बरंच असेल की! मलाही तसंच वाटलं होतं हो, पहिल्या खेपेला. आम्ही दोघंही तेव्हा तरणेबांड, ह्या अतिकोकन गावात खाणीवर नुकते लागलेले. हा फिनिश घरातला, दिवसाला मोजून चार शब्द बोलणारा. मी युक्रेनियन, तुम्ही बघताच आहात, माझं तोंड बंद होत नाही. तर निघालो. जूनचा महिना. काळ्या माश्यांचा मोसम. होडी ह्याच्या डोक्यावर, सामान माझ्या पाठीवर, दोघांचेही हात अडकलेले, आणि हे त्या माश्यांना कोण कळवतं देव जाणे, पण सगळ्या खानदानासकट येतात! कानात माशी, नाकात माशी, मांडीपर्यंत चिखल, त्या चिखलाने माझा डावा बूट जो ओढून घेतला तो आजतागायत परत दिलेला नाही... आणि पुढे, होडीच्या आतून, विहिरीतून यावा तसा आवाज येतो, "वाईट नाही ना?"

मी काय म्हणालो ते इथे सांगता येणार नाही, बायकामाणसं बसली आहेत.

पण तो कडा उतरलो आणि समोर तळं! नकाशावर त्याला नावसुद्धा नाही. काळंभोर पाणी, पलीकडे स्प्रूसची झाडं, आणि चिटपाखरू नाही. ताइस्तोने मासे धरले, मी काट्याकुट्या पेटवून केटलीत कॉफी उकळली. तशी कॉफी मी पुन्हा प्यायलो नाही हो... तीत माश्या होत्या तरी! निघताना मी केटली पोत्यात कोंबायला लागलो, तर हा म्हणतो, "राहू दे इथेच." म्हटलं, "अरे, नवी आहे!" तर म्हणाला, "म्हणजे परत यावं लागेल." आणि दिली स्प्रूसच्या फांदीला अडकवून! झालं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात जायचं, फांदीवरून केटली काढायची, आतलं कोळ्याचं बिऱ्हाड झटकायचं, कॉफी करायची, पुन्हा लटकवायची. आणि दर वर्षी मधे तेच पोर्टेज. दुसरी वाटच नाही!

मग मी काय केलं, त्याची भाषा शिकून घेतली. "रस्ता आहे" म्हणजे खरोखर रस्ता आहे. "जरा ओलं आहे" म्हणजे तिथे मूस हरीण शिंगांपर्यंत रुतलंय. "थोडा चढ" म्हणजे दोर घ्या. आणि "वाईट नाही" म्हणजे... घरच्यांचा निरोप घेऊन या! अहो, माझ्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला, ताइस्तो, दोन शब्द बोल, दोन शब्द बोल. उठला. नवरीकडे पाहिलं. "वाईट नाही," म्हणाला आणि बसला! दोनच शब्द मागितले होते ना? बर्निसने, म्हणजे त्या नवरीने, वर्षभर त्याला आमच्या घरची पेरोगी, आमच्याकडच्या बटाटा भरलेल्या करंज्या हो, चाखू दिली नाहीत. पुढे खाण बंद पडली, अर्धं गाव सामान बांधून निघालं. मी विचारलं, "काय रे, जायचं का आपणही?" तर ह्याने खिडकीबाहेर पाहिलं. "गाव वाईट नाही," म्हणाला. राहिलो. आता हे ‘वाईट नाही’ त्या पोर्टेजच्या ‘वाईट नाही’पैकी होतं की दुसरं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर ह्या फेब्रुवारीतली गोष्ट. गेल्या शरदात ताइस्तोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा गुडघा बसवला. मी विचारलं, "कसाय गुडघा?" काय म्हणाला असेल? बरोब्बर! तेव्हाच मी समजायचं ते समजलो. पण आला, नकाशा घेऊन आला, काठी दाराशी ठेवली, कोपऱ्यांवर कॉफीचे मग मांडले, बसला. बर्निस शेगडीपाशी पेरोगी परतत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही, पण तिचे कान कुठे होते ते मला ठाऊक आहे.

मी आपला सुरू! "हे बघ, ताइस्तो, उत्तरेकडून ओढ्याने शिरू, तिथे बीव्हरने बांध घातला असेल तर पाणी मिळेल, नसेल घातला तर चिखल मिळेल, पण बीव्हर काही आपल्याला विचारून बांधत नाही, ते जाऊ दे! मधल्या तळ्यावर एक जादा मुक्काम करू. मग आपलं ते पोर्टेज. तिथे दोन फेऱ्या करू, आधी सामान, मग होडी. आणि होडी ह्या वेळी दोघं मिळून उचलू, काय?" हे मी बोललो आणि जीभ चावली. कारण होडी हा माणूस कुणाला उचलू देत नाही. त्या होडीखाली मी त्याची पाठ पाहत आलोय हो, जन्मभर... तुम्हाला सांगतो, मला त्या जंगलातली अर्धी झाडं आठवणार नाहीत, पण ती पाठ आठवेल.

ताइस्तोने बोट उचललं. नेहमीप्रमाणे पोर्टेजवर टेकवलं. मी वाट बघतोय. आता म्हणेल, मग म्हणेल. अरे म्हण की! म्हण ना, वाईट नाही म्हण, मी होडी एकटा नेतो, तुलाही पोत्यात घालून नेतो, पण म्हण!

त्याने बोट बाजूला घेतलं.

बाजूला घेतलं हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते पोर्टेज मला अख्खं दिसलं. कडा, दलदल, सगळं. आणि म्हणाला, "अवघड आहे, ओरेस्ट."

हा शब्द ह्या माणसाला येतो, हेच मला माहीत नव्हतं. शेगडीवर कांदा करपत होता आणि बर्निस नुसती उभी होती.

मी काय करणार? नकाशा फिरवला आणि गावाजवळच्या तळ्यावर बोट ठेवलं. तेच ते, जिथे पाण्यापर्यंत गाडी जाते. संडास आहेत. लोक घडीच्या खुर्च्या टाकून रेडिओ लावून बसतात. म्हटलं, "इथे जाऊ. पोर्टेजच नाही." ताइस्तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. माझं बोट बारीक आहे हो, त्याच्याखाली काहीच लपत नाही. मग उठला, टोपी चढवली, काठी घेतली आणि दारातून म्हणाला,

"नवी केटली घे."

गेला. मी कॉफीचे मग गोळा केले, नकाशाची घडी घातली, ती मेली कधी नीट पडत नाही, आणि बर्निसने माझ्यापुढे करपलेल्या कांद्याची पेरोगी ठेवली. म्हणाली, "ठरलं का? जागा कशी आहे?"

मी म्हटलं, "वाईट नाही."

आणि ती बाई, जिने ह्याच दोन शब्दांवरून ताइस्तोला वर्षभर पेरोगी चाखू दिली नव्हती, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "अरे देवा... एवढी वाईट?"