खालाच्या अर्जातला एक शब्द

...नाही, पण माझं चुकलं कुठे ते तरी सांगा! मी फक्त शब्दाचा अर्थ सांगायला गेलो होतो हो! समोरच्या खोलीतल्या खालाला मोतीबिंदू, ऑपरेशन फुकट, पण अर्जात इंग्रजीतून अट, अर्जदार 'डेस्टिट्यूट' पाहिजे. खाला म्हणाली, "बेटा, ये क्या होता है? उर्दू में समझा दे." आता मी सातवीत शाळा सोडलेला, पण बाइंडिंगच्या दुकानात कामाला, आणि तिथे नेमकी इंग्रजी-उर्दू डिक्शनरी शिवायला आलेली! शब्द सापडला, तर पुढचं उर्दू मला वाचता येईना, आणि जिला वाचता येतं तिला दिसेना! शेवटी मालकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून वाचलं, "मुफलिस, नादार, मोहताज... आणि तू खळ लाव, वाळतेय ती!"

तुम्हाला सांगतो, मला नवलच वाटलं. कफल्लक माणसाला एवढे शब्द, आणि एकेक कसा अत्तराच्या बाटलीतून काढल्यासारखा! मी तिन्ही खालाला ऐकवले. 'मुफलिस'ला तिनं मान डोलावली, 'नादार' चालवून घेतला, 'मोहताज' म्हटल्यावर मान ताठ! "मोहताज? मैं? किसी के आगे हाथ फैलाया है कभी?" म्हटलं, तसं नाही खाला, म्हणजे... घरात सामान जरा कमी. बस्स, मी फक्त शब्दाचा अर्थ सांगायला गेलो होतो!

तर अर्ज दिला, आणि मंगळवारी हॉस्पिटलचे साहेब खोली बघायला येणार असा निरोप आला. खाला म्हणते, "मेहमान को बिठाऊँ किस पर?" म्हटलं, खाला, खोली रिकामी दिसलेलीच बरी... "रिकामी? और मेरी इज्जत?" मला मेल्याला 'नाही' म्हणता येत नाही! माझी खुर्ची गेली, मग घड्याळ, सतरंजी, पडदा, कपबश्या... मीच वाहून नेल्या! आणि डोक्यात एकच किडा, माणूस डेस्टिट्यूट नेमका होतो कधी? खुर्ची गेल्यावर, की कप गेल्यावर?

साहेब आले, माझ्या खुर्चीत बसले, माझ्या कपातून चहा प्याले, माझ्याच घड्याळात बघून लिहिलं, 'अर्जदार सुस्थितीत.' संपलं की हो! आता हिला दिसणार कसं? मी कधी नव्हे तो ओरडलो, "साहेब, हे सगळं माझं आहे!" साहेब म्हणाले, "असं? दाखवा बरं तुमचं घर." दार उघडलं. आत एक चटई आणि घड्याळाचा खिळा. साहेबांचा आवाजच बदलला, "अहो, तुम्ही बसता तरी कशावर?" मी चटई झटकून पुढे केली... आणि त्यांनी नवा अर्ज काढून स्वतःच्या हातानं भरला!

काल पत्र आलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंजूर! मला, जो काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवतो! अहो, मी फक्त अर्थ सांगायला गेलो होतो! म्हटलं, खाला, तुझा अर्ज पुन्हा करू, पण आधी माझं सामान दे परत, म्हणजे तुझी खोली रिकामी दिसेल.

खालानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पागल है क्या? डेस्टिट्यूट के घर में कुर्सी? तेरा ऑपरेशन चला जाएगा!"

घ्या... समजला एकदाचा अर्थ!