थंड गाडीची तपासणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि नखांतलं ग्रीस घासून काढून आलेली वर्कशॉपची सगळी मंडळी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. निवृत्त अधिकाऱ्याच्या हाती माइक देणं हे धाडसच, पण प्रयत्न करतो.

मिस्त्रींच्या कौशल्याबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी त्यांच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. वहिनी, घाबरू नका.

बारा वर्षं झाली. आपल्या डेपोतल्या एका बसचा ड्रायव्हर सारखा तक्रार लिहायचा : दुपारी क्लच सुटत नाही, पेडल पार खाली दाबलं तरी गिअर करकरतो. मिस्त्री सकाळी गाडी तपासायचे. ऑइल पुरेसं, गळती नाही, पाइपात हवा नाही, गिअर अलगद पडायचा. शेरा : दोष आढळला नाही. असं तीनदा झालं. ड्रायव्हरच्या शब्दाला तेव्हा किती किंमत होती, हे मी इथल्या ड्रायव्हर मंडळींना सांगायला हवं का?

मग एका दुपारी त्याने पेडल दाबून रिव्हर्स टाकला, आणि बस झटक्यात मागे जाऊन डेपोतल्या पहारेकऱ्याच्या चौकीच्या भिंतीवर आदळली. भिंत पडली. आत कोणी नव्हतं, नशीब. चौकशी माझ्याकडे आली. ड्रायव्हर एवढंच म्हणत राहिला, "साहेब, पाय क्लचवरच होता." मी रजिस्टरातले तीन शेरे पाहिले आणि त्याला कामावरून काढण्याचा अहवाल टाइप करून घेतला.

सही राहिली होती. तेवढ्यात मिस्त्री आले. "साहेब, जरा खाली येता?"

त्यांनी ती बस दोन तास फिरवून तापवून आणली होती. ड्रायव्हरला पेडल दाबायला बसवलं आणि मला गाडीखाली वाकायला लावलं. इस्त्रीच्या शर्टात, हेही नमूद करतो. क्लचचा रबरी पाइप सायलेन्सरजवळून जात होता. तापला की मऊ पडायचा. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने पाइपच फुगायचा, आणि क्लचपर्यंत पुरेसा जोर पोचायचाच नाही. सकाळी थंड गाडीत तोच पाइप टणक.

मी म्हटलं, "पाइप खराब होता, एवढंच लिहू. तुमचं नाव कशाला?"

ते म्हणाले, "तक्रारीत 'दुपारी' असं लिहिलंय, साहेब. मी ते मनावरच घेतलं नाही." आणि तिन्ही शेऱ्यांखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : थंड गाडी तपासली, चूक माझी.

ड्रायव्हरची नोकरी वाचली. मिस्त्रींची हेड मेकॅनिकची बढती त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर होती. नियमावर बोट ठेवून मी ती अडवली. पुढे ती कधीच आली नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही.

आता एक गोष्ट, जी त्या अहवालात नव्हती. ते रजिस्टर दर आठवड्याला माझ्याकडे यायचं. तिन्ही शेऱ्यांखाली माझीही सही होती. तक्रार मीही वाचली नव्हती. माझी बढती वेळेवर झाली.

आयोजकांनी बोलू दिलं, शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. राहिलेली माफी मात्र सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. मिस्त्री, ती मी तुमच्याकडे आणि वहिनींकडे मागतो.