अर्ध्या नळीतलं पाणी

(विद्यापीठातली प्रयोगशाळा. सकाळ. विभागप्रमुख सर आणि त्यांची संशोधक विद्यार्थिनी. दोघांमध्ये टेबलावर काचेची एक नळी.)

विद्यार्थिनी : हलवू नका, सर. नुसती उजेडात धरून पाहा.

सर : गढूळ दिसते आहे. तळाशी गाळही बसला आहे.

विद्यार्थिनी : काल संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा नितळ होती. इतक्या वर्षांच्या खटपटीतून एवढी एकच नळी हाती लागली होती. आणि उद्या परीक्षक येणार.

सर : प्रथिनांचा स्वभावच नाजूक, बाळ. पेशीच्या आवरणातून बाहेर काढलं की त्यांचा जीव पाण्यात रमत नाही. खंत करू नकोस.

विद्यार्थिनी : म्हणून तर साखरेचा साबण घातला होता. तुम्हीच शिकवलंत, अगदी पहिल्या तासाला. शर्करेचं मस्तक जलाभिमुख, मेदाचं पुच्छ जलविन्मुख.

सर : पाठ आहे तुझं.

विद्यार्थिनी : एकटा रेणू पाण्यात भटकत राहतो. पुरेशी दाटी झाली की सगळे आपणहून गोल करून बसतात. मस्तकं बाहेर, पुच्छं आत.

सर : आणि त्या मंडलाच्या कुशीत प्रथिन सुखरूप राहतं. कोणी आज्ञा देत नाही, कोणी बांधत नाही. जलाच्या त्या लीलेला आजही हात जोडावेसे वाटतात मला.

विद्यार्थिनी : आणि दाटी कमी झाली तर?

सर : एका मर्यादेखाली ती सभा विसर्जित होते. रेणू पुन्हा एकेकटे.

विद्यार्थिनी : मग प्रथिनं उघडी पडतात, एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. हे असं.

सर : तुला म्हणायचं तरी काय आहे?

विद्यार्थिनी : वरचं पाणी घेऊन साखरेची रंगचाचणी केली. रंग निम्माच आला, म्हणजे साबण निम्माच उरलाय. नळी मात्र खुणेपर्यंत भरलेली. अर्धी काढून घेतली आणि वर साधं पाणी ओतलं, सर. गवळ्यानंसुद्धा लाजावं असं काम.

सर : जिभेला आवर घाल.

विद्यार्थिनी : फ्रिजच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये आहे.

सर : आधी ते दार लाव.

विद्यार्थिनी : लावूनच आले.

सर : माझ्या मुलीला हवी होती. तिच्या संस्थेत ती अजून कायम झालेली नाही. दाखवायला तिच्या हाती काहीच नव्हतं.

विद्यार्थिनी : ताईंना हवी होती? मग मागायची होती.

सर : दिली असतीस?

विद्यार्थिनी : अर्धी दिली असती, न कुरकुरता. चारचौघांत मला मानसकन्या म्हणता ना तुम्ही?

सर : मानस आणि औरस ह्यांत अंतर असतं. तुला मूल झालं की उमगेल.

विद्यार्थिनी : निदान ताईंकडची अर्धी परत मागवा. तिच्यात पाणी नाही, ती अजून नितळ असेल.

सर : काल रात्रीच ती घेऊन गेली. तपासणीला लागलीही असेल. तिच्या नावानं.

विद्यार्थिनी : म्हणजे काम माझं, नाव ताईंचं. बरं. आता एकच विचारते. कमी झालेलं दिसू नये म्हणून पाणी ओतलंत, एवढंच ना? साबणाच्या द्रावणाची बाटली शेजारीच होती. त्यातलं ओतलं असतं तर माझी अर्धी जगली असती. घाईत तुमच्या लक्षात राहिलं नाही. विसरलात. एवढं म्हणा, मी बाहेर कुणापाशी चकार शब्द काढणार नाही.

सर : विसरलो?

विद्यार्थिनी : वयानं होतं असं, सर. त्यात कमीपणा नाही.

सर : जो विषय जन्मभर शिकवला, जी मर्यादा कोणी झोपेतून उठवून विचारली तरी अचूक सांगेन, ती मी विसरेन? माझी स्मृती अद्याप इतकी भ्रष्ट झालेली नाही.

विद्यार्थिनी : म्हणजे...

सर : दोघींचं काम एकाच वेळी पुढे आलं असतं, तर लोकांनी तुझंच खरं मानलं असतं. माझ्या मुलीला मी पुरता ओळखतो. अशी काय पाहतेस?

विद्यार्थिनी : काही नाही, सर. जिना चढताना मी देवापाशी एवढंच मागत होते, की तुम्ही विसरला असाल.