मामीनं निवडलेली हेट्याची फुलं

तुमी रिसर्चचं काय सांगता, माह्या रिसर्चची वाट माह्या मामीनं लावली. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाले हेट्याच्या, म्हंजे हादग्याच्या, फुलाचा अर्क शुगरवर चालते का, हे मले तपासायचं होतं. बहार सरत आला होता, म्हणून उंद्रीच्या मामीले फोन करून दोन किलो फुलं तोडून ठेवाले सांगतली. मामीले सोताले दहा वर्षांपासून शुगर. तिनं मन लावून काम केलं.

कॉलेजात सरांनी डबा उघडला आन माह्याकडं पाह्यलं. "फुलातले मधले दांडे कुठं गेले?"

मी तिथूनच मामीले फोन लावला.

"अरे बाप्पा, ते कडू राह्यते. एकेक निवडून काढला. भाजीत कडू कोन खाईन?"

"भाजी नाही करून राह्यलो मामी, औषध शोधून राह्यलो. सर म्हणते, गुण असन तं त्या कडूतच असन. दांडे हायेत का घरी?"

"नाही रे, बकरीले टाकले. दरसाल तिलेच टाकतो."



"तरीच," मंग मामीच म्हणे, "मले शुगर झाली, बकरीले नाही झाली."