अनसूयाबाईंची कळशी

चाकणला आमच्या पितळेच्या फाउंड्रीत मोडीची भांडी वितळतात. भांड्यावर नाव कोरलेलं असलं, की भट्टीवरचे सोपानराव ते मोठ्यानं वाचतात, मगच भांडं आत सोडतात. काल एक कळशी हातात घेऊन ते थांबले.

“सौ. अनसूयाबाई.”

“तुमच्या आईचंच नाव की, राव!” मी म्हणालो. “तिचीच का?”

“न्हाई. ती गेल्यावर तिची आमीच मोडीत घातली.”

“मग ही ठेवून घ्या.”

“दुसऱ्याची आई कशी ठेवू?”

सुपरवायझर ओरडला, “मामा, टाका की लवकर!”

“टाकतो. एकदा हाक मारू द्या.”

त्यांनी कळशीच्या तोंडाशी वाकून हाक मारली, “आये!”

कळशी घुमली. तो आवाज पुरता विरल्यावरच त्यांनी ती भट्टीत सोडली.