पिशवीतलं मीठ

मी जन्मले बाळकुमची नि दिली पण बाळकुमलाच, एका आळीतून दुसऱ्या आळीत, बाप मिठागरात, सासरा मिठागरात, काय सांगू तुमाला ताई, मीठ आमच्या पायाला लागलेलंच. घरवाला पण तिथेच कामाला, पण त्याला सायकल होती नि सायकलीला कॅनव्हासची पिशवी, लढाई संपल्यावर कल्याणच्या मिलिटरी छावणीतलं सामान विकायला काढलेलं, त्यातून आणलेली. बायकोपेक्षा तिला जपायचा मेला.

दर वैशाखात तिला मेण लावायचं, ते काम माझं. साबण नाय लावायचा, साबणानं जुनं मेण निघतं, नुसता खाडीचा चिखल कुंच्यानं झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायची, सुकवायची, मग मेण नि अळशीचं तेल पातळ करून चोळायचं नि निखाऱ्यावर लांबून धरायची, मेण मुरतं. मग तो बोलायचा, मूठभर मीठ टाक गो आत, वरून पाणी मार नि टांग, सकाळी मीठ सुकं तर काम पक्कं.

एकदा उधाणाचा दिवस, भर दुपारी बांधावर गेला तो गेलाच. सायकल बांधावर उभी, पिशवी हँडलला, आत भाकरी कोरडी, माणूस नाय. सासू बोलली, दर्भाचा पुतळा करू, त्याच्यावर पिशवी ठेवून जाळू, कुंकू पूस. मी बोलले, अंग दिसल्याबिगर नाय पुसणार.

पुढच्या वैशाखात रडत रडत मेण लावलं, मीठ टाकलं, पाणी नाय मारलं, नुसती घरात टांगली. सकाळी बघते तर बाहेरून कोरडी ठणठणीत नि आत मिठाचं पाणी. चुलीकडच्या मडक्यातलं मीठ सुकं, नि हे पाणी. दर वर्षी तसंच, मेण दुप्पट लावलं तरी तसंच. सासू बोलायची, पोरगा पाण्यात बसलाय गो, सोडव त्याला. मला भीती वाटायची, पण खोटं कशाला सांगू, बरं पण वाटायचं, कुठंतरी आहे ना.

यंदा मीठ सुकं राहिलं. हात घातला नि खडे बोटाला टोचले. सासू बोलली, सुटला गो. मग टेंभी नाक्यावरून भटजी आणला, पुतळा केला, पिशवी वर ठेवली, मेणामुळे भडकन पेटली, नि मी कुंकू पुसलं.

दुसऱ्या सकाळी आमटीला मीठ घ्यायला चुलीकडचं मडकं उघडलं, तर आत खडा नाय, नुसतं पाणी, नि वास खाडीचा.

सासूला नाय सांगितलं. मडक्यावर झाकण ठेवलं नि कपाळाला परत कुंकू लावलं. लोक येडी बोलतात, बोलू दे. तुमचं माणूस सुक्या अंगानं घरी येवो ताई. माझं आलंय, ओलं तर ओलं.